तू सोशिक नव्हतास, मामा

मामा, गेल्या गुरुवारी भोसरीच्या विहारात तुझं पुण्यानुमोदन झालं. सात जण बोलले आणि सातही जणांनी तुला सोशिक म्हटलं. एकाने 'सोशिकपणाची मूर्ती' म्हटलं, तेव्हा मागे बसलेल्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले. सातवा बोलला तो चाकणच्या त्या कंपनीचा एचआरवाला साहेब. ज्या कंपनीने तुझा गेटपास एका सकाळी बंद केला, तिचाच माणूस पांढरा शर्ट घालून तुझ्या फोटोला फुलं वाहायला आला. माईक हातात घेऊन म्हणाला, "त्यांनी कधी आवाज चढवला नाही. कोर्टात समोरासमोर असलो तरी नमस्कार केल्याशिवाय गेले नाहीत. आजच्या तरुणांनी हा धीर शिकावा." आणि माझ्याकडे बघितलं.

आठवी मी बोलणार होते. उठले, माईकपर्यंत गेले आणि घशातून आवाजच फुटला नाही. सहा वर्षं कंपन्यांच्या गेटवर भोंगा धरून ओरडणारी मी! वाकून तुझ्या फोटोपुढची विझलेली मेणबत्ती पुन्हा लावली आणि खाली येऊन बसले. लोकांना वाटलं, पोरीला गहिवरून आलं. गहिवर नव्हता तो, मामा, संताप होता. मेलेल्या माणसाला गप्प बसवणं किती सोपं असतं! हार घालायचा आणि सोशिक म्हणायचं.

म्हणून हे लिहिते आहे. आपल्या कामगार पत्रकाच्या मागच्या पानावर, जिथे तू नेहमी आधी नजर टाकायचास.

तुझ्या सहली आठवल्या की मला अजूनही पहिल्यांदा चीडच येते. भोसरीच्या एमआयडीसीत वीज गुरुवारी बंद, म्हणून सुट्टीही गुरुवारी. त्या एका दिवशी माणसं झोपतात, दळण आणतात, लग्नाची स्थळं बघतात. तू आम्हाला उठवायचास. मी, तुझी लेक पूजा, मामी, आणि चाकणचं काम गेल्यावर तू भोसरीत ज्या शॉपला, म्हणजे छोट्या कारखान्यात, लागलास तिथले दोन-तीन जण. आकुर्डीहून लोकल, मळवलीला उतरायचं, एका बाजूला भाजे, दुसऱ्या बाजूला कार्ले. दुपारी परत यायला लोकल नसायची, दोन-तीन तास फलाटावर काढावे लागायचे. मी म्हणायचे, "मामा, हायवेला जाऊ, वडापची जीप मिळेल." तू म्हणायचास, "मिळंल की. पण घाई कशाची हाय? घरी जाऊन पंखाच बघायचाय ना?" आणि बाकावर पाय वर घेऊन बसायचास, जणू काही स्टेशनही बघण्यासारखं कोरलेलं आहे.

कार्ल्याला एकवीरेच्या दर्शनाची रांग, कोंबड्या, ढोल, त्यातून वाट काढत आपण बाजूच्या चैत्यगृहात शिरायचो. तिथे तुझा एक नियम होता. आत गेल्यावर मोबाइल काढायचा नाही, टॉर्च लावायचा नाही, बोलायचं नाही. खांबाशी बसायचं. "आधी डोळं बसू दे," म्हणायचास. बाहेरच्या उन्हातून आलेल्या डोळ्यांना आधी नुसता काळोख दिसायचा. मग हळूहळू खांबांवरचे हत्ती, हत्तींवरची माणसं, मग वर छताच्या लाकडी फासळ्या. दोन हजार वर्षांचं लाकूड. तोवर चार टोळकी आत येऊन, फोटो काढून, "काय नाय रे, अंधारच आहे," म्हणत निघून गेलेली असायची.

मी अकरावीत होते तेव्हा तू मला स्तूपाच्या मागे नेलंस. तिथले खांब साधे, ना हत्ती ना माणसं. मी म्हटलं, "इथे कंटाळले वाटतं." तू फिटर. आयुष्यभर हातात कानस. खांबाच्या कडेवरून नुसती नजर फिरवलीस, हात लावला नाहीस. म्हणालास, "कंटाळलेल्या माणसाची धार अशी येत न्हाई. पावणा हिकडं येणार न्हाई हे त्याला ठावं होतं. तरी लाईन बघ." आणि दारापाशी आणून शिलालेख दाखवलास. हा दरवाजा करणाऱ्या सुताराचं नाव इथं कोरलंय, म्हणालास. राजाचंही आहे, व्यापाऱ्यांचीही आहेत, पण सुताराचंही आहे. मला ते फार आवडलं. माझ्या पहिल्या पत्रकात मी तेच लिहिलं होतं, की दोन हजार वर्षांपूर्वी सुताराचं नाव दगडावर लागायचं आणि आज चाकणला माणसाचं नाव गेटपासवरही धड लागत नाही, दर अकरा महिन्यांनी ठेकेदार बदलला की पास नवा. ते वाचून तू म्हणालास, "बरं लिवलंय. फक्त उद्गारचिन्हं निम्मी कर."

आता अजिंठ्याचं सांगते. ही माझी चूक, आणि ती लिहून ठेवलीच पाहिजे.

सगळं मी ठरवलं होतं. शॉपला रविवार ते मंगळवार शटडाउन मिळाला होता, बारा माणसं, एक टेम्पो ट्रॅव्हलर. रविवारी पहाटे निघून फर्दापूरला मुक्काम. मीच म्हटलं, सोमवारी जाऊ, रविवारच्या गर्दीत कोण मरणार! बारा जणांत एकालाही शंका आली नाही. कशी येणार? आपल्या डोक्यात बंद म्हणजे गुरुवार. सोमवार म्हणजे फर्स्ट शिफ्ट. सोमवारी कुणी काही बंद ठेवतं, हेच आपल्याला माहीत नाही.

गेटवर रखवालदार खुर्चीत बसून शेंगा सोलत होता.

"मॅडम, आज सोमवार."

"मग?"

"सोमवारी बंद."

मी सुरू झाले. बारा माणसं, इतक्या लांबून, कामगार माणसं, वर्षातून एकदा सुट्टी मिळते. हा नियम कुठे लिहिलाय? मला लेखी द्या. अर्ज कुणाकडे करायचा ते सांगा.

रखवालदार शांतपणे म्हणाला, "अर्ज आतल्या हापिसात घेतात. आणि आत तर जाता येत नाही."

आपले सगळे हसले. तू सर्वांत जास्त हसलास. मला रडू यायचं बाकी होतं. तू पुढे झालास, त्याच्या पुढ्यातल्या शेंगा उचलून स्वतःही सोलायला लागलास.

"आज बंद हाय, तरी तुमची ड्युटी?"

"बंद ठेवायलाबी माणूस लागतोच की राव."

"व्हय, हे मातर खरं," तू म्हणालास. आणि दहा मिनिटांत त्याच्या घरी किती माणसं, म्हैस किती दूध देते, इथपर्यंत पोचलास. त्यानेच सांगितलं, की समोरच्या डोंगरावरून सगळी लेणी दिसतात, तिकडे कुणी अडवत नाही.

त्या डोंगरावर आपण सकाळी नऊपासून दुपारी चारपर्यंत बसलो. सात तास! खाली वाघूर नदीचं वळण, पलीकडे घोड्याच्या नालेसारखा कडा आणि त्यात ओळीने काळी भोकं. आत जाता येत नाही. मी तुझ्याशी बोलतच नव्हते. मामीने चपात्या आणि ठेचा काढला तरी मी तोंड फिरवून बसले. तासाभराने तू म्हणालास, "अस्मे, रुसायचं ते रुस, पण एक सांग. हे काम कुठनं सुरू केलं असंल?"

तुझं तू बोलत राहिलास. कडा सरळ, शिडी लावायची कुठे? दगड काढला तर टाकला कुठे? खाली नदीत टाकला तर नदी तुंबेल. पाणी कुठून आणलं? उन्हाळ्यात काम बंद असेल का पावसाळ्यात? तुझ्या शॉपमधला सचिन म्हणाला, "मामा, सुपरवायझर झाला असता तुम्ही तिथं." तू म्हणालास, "न्हाई बाबा. मला छिन्नीच द्या." ऊन सरकत गेलं तसं एकेक भोक उजळत गेलं आणि विझत गेलं. दुपारनंतर कधीतरी मीही बोलायला लागले होते. कड्याच्या कुठल्या भागात दगड खराब लागला असेल यावर मी सचिनशी भांडत होते, हे माझं मलाच कळलं नाही.

मंगळवारी आत गेलो. रांग, बस, पुन्हा रांग. सगळे रंगवलेल्या लेण्यांत गर्दी करून उभे होते. तू मात्र एका अर्धवट लेण्यात जाऊन उभा राहिलास. खांब दगडातून अर्धेच सुटलेले, भिंतीवर छिन्नीचे तिरपे घाव तसेच. सचिन ओरडला, "मामा, हितं काय बघायचंय? चला, चित्रं बघू." तू हललाच नाहीस. मला जवळ बोलावलंस.

"वरनं खाली येत्यात हे. आधी छत. मग भिंती. जमीन सगळ्यात शेवटी. म्हंजे ज्यानं छत केलं त्याला हितं सपाट जमिनीवर उभं राहायला मिळालंच असंल असं न्हाई." मग म्हणालास, "आपली केस बी अजून छतालाच हाय."

मला काय झालं कुणास ठाऊक, मामा. आदल्या दिवसाचा राग असेल. मी म्हणाले, "आणि हे लेणं अर्धवटच राहिलं ना? कोण आलं पुरं करायला? वाट बघून काय मिळालं त्याला?"

तू त्या अर्धवट खांबाकडे बघितलंस. म्हणालास, "व्हय. राहिलं खरं."

एवढंच. मला वाटलं, मी जिंकले. त्याचा मला आनंद झाला होता. हे लिहिताना लाज वाटते, तरी लिहिते.

त्या सहलीनंतर मी ते पत्रक काढलं. 'वाट पाहणाऱ्यांच्या पाठीवर मालक गादी टाकून झोपतो.' तुझ्यावरच होतं ते. गेटपास बंद झालेल्या एकोणीस जणांनी केस टाकली होती, एकेक गळत चौघे उरले होते आणि तू दर तारखेला इस्त्रीचा शर्ट घालून पुण्याच्या लेबर कोर्टात जात होतास. संध्याकाळी येऊन म्हणायचास, "तारीख मिळाली." जणू पेढे मिळाले! मला असह्य व्हायचं. मला गेटवर धरणं हवं होतं, रास्ता रोको हवा होता. पत्रकाचं प्रूफ मी मुद्दाम तुझ्याकडे दिलं. तू चष्मा लावून, बोट फिरवत, सगळं वाचलंस. मग म्हणालास, "'पाठीवर' नको. 'जिवावर' लिही. पाठीवर झोपला तर माणूस खालनं हलंल, मालकाला झोप न्हाई लागायची."

आणि दुसऱ्या दिवशी चाकण चौकात शिफ्ट सुटताना तूच माझ्याबरोबर उभा राहून ती पत्रकं वाटलीस. स्वतःवरची शिवी स्वतःच्या हाताने, एकेकाला थांबवून, "वाचा भाऊ, नीट वाचा," म्हणत. त्यावर आपण कधी बोललो नाही. मला बोलायचं होतं. एकदा नाही, चार-पाचदा तुझ्या दारापर्यंत आले होते. दर वेळी वाटलं, पुढच्या गुरुवारी बोलू.

पुढचा गुरुवार आला नाही. सकाळी शॉपला कामावर निघताना बूट घालता घालता तू गेलास.

आता ऐक. तू गेल्यावर वकिलांनी केसचे कागद मागितले म्हणून मामीने तुझी पत्र्याची पेटी काढली. वर सहलींचे फोटो, खाली कोर्टाची फाइल, आणि त्याखाली पोस्टाच्या पावत्यांचे गठ्ठे, रबरबँड लावून. प्रत्येक पावतीला एका पत्राची नक्कल टाचलेली. सगळ्या नकलांवर तुझं तेच तिरकं अक्षर आणि तेच वाक्य. फक्त तारीख वेगळी.

'मी आज सकाळी पावणेसात वाजता फर्स्ट शिफ्टसाठी गेटवर हजर होतो. मला आत घेतलं नाही.'

गेटपास बंद झाल्यावर तू रोज भोसरीहून पहिल्या बसने चाकणला जात होतास, हे मला माहीत होतं. सगळे हसायचे तुला. मीही हसले होते. मला वाटायचं, मामाला कळतच नाहीये की त्याला काढलंय. पण त्या फाइलमध्ये कंपनीचं म्हणणं वाचलं. कंपनी म्हणते, आम्ही यांना काढलंच नाही, हे स्वतःच कामावर यायचे बंद झाले. आणि तुझ्याकडे चार महिन्यांची रोजची पत्रं, रजिस्टर पोस्टाने पाठवलेली, पोचही आलेली. वकील म्हणाले, कंपनीच्या म्हणण्याला दुसरं उत्तर लागतच नाही.

मामा, मी इतकी पत्रकं काढली, पण एवढ्या ताकदीचं एक वाक्य मला कधी लिहिता आलं नाही. उद्गारचिन्ह एकसुद्धा नाही. याला सोशिक म्हणतात होय? सोसणारा माणूस घरी बसतो. तू रोज जाऊन त्यांच्या दारात उभा राहिलास.

तरीही मी तुझ्यापुढे पूर्ण हात टेकणार नाही. ते लेणं अर्धवट राहिलं, हे तूही मान्य केलंस. ज्याचं छत कोरण्यात आयुष्य गेलं त्याला जमीन बघायला मिळाली नाही, हा अन्याय आहे, आणि मी त्याला शांततेचं सुंदर नाव देणार नाही. तुझं उभं राहणं खरं आणि माझं ओरडणंही खरं. तू उभा राहिलास म्हणून माझ्या ओरडण्याला पाय मिळाले, हे मला तुला सांगायचं होतं. सांगितलं नाही. पत्रकाबद्दल माफीही मागायची होती. तीही राहिली. ती मी इथे मागते, सगळ्यांसमोर, छापून.

आणि आता परवाची गोष्ट. ती तुला कळलीच पाहिजे.

पुण्यानुमोदनानंतर तिसऱ्या दिवशी दुपारी तोच साहेब घरी आला. हातात एक कागद. खुर्चीच्या टोकावर बसून मामीला म्हणाला, "वहिनी, माणूसच राहिला नाही, आता केस कुणाची चालवायची? इथे एक सही करा, विषय मिटवू. पूजाला आपण ट्रेनी घेतो. वर्षाच्या आत परमनंट. मी शब्द देतो."

पूजा डिप्लोमा करून आठ महिने घरात बसलीये. मामीची नजर तिच्याकडे गेलेली मी बघितली. मी ताडकन उठले. "साहेब, खोटं बोलू नका. माणूस गेला म्हणून केस संपत नाही. वारसाचं नाव लागतं."

"अस्मे," मामी म्हणाली, "खाली बस."

"मामी, अगं हा…"

"बस म्हणलं ना."

बसले. त्या दुपारी बसणं किती जड गेलं ते तुला सांगून कळायचं नाही. नाही, तुलाच कळेल.

मामी म्हणाली, "साहेब, च्या ठिवते." दूध नव्हतं. पूजाला दूध आणायला पाठवलं. मग पेटी उघडून सहलीचे फोटो काढले. "ह्यांचे फोटो बघितले का तुमी? हे कारलं. हितं आदी डोळं बसू द्यावं लागत्यात." साहेबाने बघितल्यासारखं केलं. "हे भाजं. हे लेण्याद्री, पायऱ्या लई. आन् हे आजंठा, पयल्या दिवशी बंद होतं, समोरच्या डोंगरावर दिसभर बसलो." एकेक फोटो, एकेक गोष्ट. दाखवून झालेला फोटो ती पालथा ठेवत होती. मला वाटलं, सही करणार, आणि त्याआधी तुझा निरोप घेते आहे. साहेबाने घड्याळ बघितलं. "वहिनी, मला चारला मीटिंग आहे." मामी म्हणाली, "व्हय? मग बेडशाचं लेणं राहिलंच की."

पूजा दूध घेऊन आली. चहा झाला. कप साहेबाच्या हातात दिल्यावरच मामीने पूजाला विचारलं, त्याच्यादेखत. "पूजे, तुला पायजे का ती नोकरी?"

पूजा दाराला टेकून उभी होती. आधी तिने त्या कागदाकडे बघितलं. मग म्हणाली, "नोकरी पाहिजे, आई. पप्पांची केस विकून नको."

मामीने पेटी बंद केली. तो कागद उचलून, नीट घडी घालून, साहेबाच्या बशीशेजारी ठेवला. "हे तुमी घेऊन जावा. वकील म्हनलेत, माझं नाव लावायचंय. पुढच्या तारखेला मी येनार हाय."

साहेबाचा आवाज पहिल्यांदा चढला. "वहिनी, ही केस अजून दहा वर्षं चालेल. हायकोर्टात जाऊ आम्ही. किती थांबणार तुम्ही?"

मामा, मामीने त्याच्या हातातला रिकामा कप घेतला, पदराने खुर्चीवर सांडलेला चहाचा थेंब पुसला आणि म्हणाली,

"तुमाला मीटिंगला उशीर व्हतोय, साहेब. मला घाई न्हाई."